‘नेव्हर बिफोर’च्या मागे अण्णांची पेटी

डीप पर्पल ह्या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मशीन हेड’ हा अल्बम माझ्याकडे तीन रूपांत आहे. एक सीडी, एक फोनमध्ये आणि एक टीडीकेची साठ मिनिटांची कॅसेट. कॅसेटच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलंय, ‘सौभद्र – तालीम – नवा कृष्ण’. त्यावर आडवी रेघ, आणि खाली बॉलपेनने ठसठशीत अक्षरांत अल्बमचं नाव. पेन्सिल अण्णांची, बॉलपेन माझं.

१९९० साल, डोंबिवली, मी अकरावीत. वरच्या मजल्यावरचा दादा मस्कतहून सुट्टीवर आला होता आणि येताना रेकॉर्ड प्लेयर, डेक आणि पंधरा-वीस एलपी घेऊन आला होता. एका दुपारी त्याने जिन्यातूनच हाक मारली, "दोन तास घरात कुणी नाही, काय टेप करायचं ते आत्ता कर." माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. अण्णांच्या खणात एक दिसली ती उचलली आणि धावलो. चिठ्ठी वाचली नाही असं मी घरी सांगितलं. वाचली होती.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी तुकडे असायचे, आठवतं का? ते मोडले की रेकॉर्डचं बटण खाली जायचंच नाही. अण्णांनी ते मोडले नव्हते. पुढे कित्येक दिवस माझा सगळा बचाव त्या दोन तुकड्यांवर उभा होता.

अण्णा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. संध्याकाळी हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे. ऑर्गन म्हणजे आपली पायपेटी. भाता पायाने, दोन्ही हात सुरांवर. त्या वर्षी त्यांचं ‘सौभद्र’ बसत होतं आणि प्रयोगाला महिना राहिला असताना कृष्णाची बँकेतून नागपूरला बदली झाली. नवा कृष्ण मिळाला, गळा बरा होता, पण जुना गायचा पांढरी चारमध्ये आणि ह्याचा आवाज जेमतेम काळी एकमध्ये बसत होता. म्हणून अण्णांनी कृष्णाची सगळी पदं नव्या पट्टीत वाजवून कॅसेट भरली होती, त्याला घरी सराव करायला. ती मी पुसली.

त्या रात्री त्यांनी कॅसेट लावली आणि ‘हायवे स्टार’ सुरू झालं. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसलो होतो. कुणी ओरडलं नाही, टेप बंद झाला नाही. पहिली बाजू होत आली तरी शांतता. मग ‘नेव्हर बिफोर’ संपलं, खट् असा आवाज आला, आणि एकदम मधूनच, एका तानेच्या पोटातून, अण्णांची पेटी सुरू झाली. ‘प्रिये पहा’ अर्ध्यावरून.

हिशेब सोपा होता. एलपीची पहिली बाजू जेमतेम वीस मिनिटांची, कॅसेटची तीस. शेवटची दहा मिनिटं वाचली होती.

अण्णांनी कॅसेट उलटली. दुसरी बाजू मुळात कोरीच होती, तिथे आता ‘स्मोक ऑन द वॉटर’ होतं. ते संपेपर्यंत ऐकलं आणि मला हाक मारली. मी गेलो. म्हणाले, "पेटीवाला तयार आहे."

"पेटी नाही अण्णा, गिटार आहे ते."

"आधी गिटार. दुसऱ्या खेपेला तिच्या पाठीला पाठ लावून पेटी येते. तुला ऐकू येत नाही?"

मला ऐकू येत नव्हतं. तेव्हा आमच्या लेखी डीप पर्पल म्हणजे त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर, बाकीचे चौघे त्याचे साथीदार. अण्णा पेटीपाशी बसले, पांढरी पाचचा षड्ज धरला आणि ती जगप्रसिद्ध रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी धून, वाजवली. सा, कोमल ग, मध्यम. सा, कोमल ग, तीव्र मध्यम, आणि लगेच शुद्ध मध्यम. मग थबकले. "दोन्ही मध्यम लागोपाठ? हे ललतातून आलंय की काय?" आणि स्वतःच हसले. पुन्हा लावून ऐकलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की नुसते सूर नाहीत, प्रत्येक सुराखाली चौथा सूर दाबलेला आहे, सा खाली मंद्र पंचम, तसंच पुढे. दोन बोटांनी ते वाजवलं तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत ‘स्मोक ऑन द वॉटर’ हुबेहूब उभं राहिलं, फक्त भजनाला बसल्यासारखं.

नव्या कृष्णासाठी त्यांनी दुसरी कॅसेट भरली. तिचे तुकडे मात्र लगेच मोडले.

तर १९९३ च्या नोव्हेंबरात हेलसिंकीचा कार्यक्रम संपवून ब्लॅकमोर बँड सोडून गेला. दौरा अर्धवट होता, पुढे जपान होतं. जपानला त्याच्या जागी जो सॅट्रियानी उभा राहिला, आणि १९९४ मध्ये कायमचा आला स्टीव्ह मोर्स, अमेरिकन माणूस. ह्याने मधे काही काळ गिटार बाजूला ठेवून विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी केली होती. आम्हाला हे सगळं फार उशिरा, तुकड्यातुकड्यांत कळलं. आणि कळलं तेव्हा आम्ही चौघा मित्रांनी एकमताने ठराव केला, की पर्पल संपलं.

त्याच सुमाराला बातमी आली की ते मुंबईत येतायत.

८ एप्रिल १९९५, शनिवार. अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स. पोस्टरवर बॉम्बे होतं. आम्ही तेव्हाही मुंबईच म्हणायचो, सरकारचा कागद नंतर निघाला. शिकवणीचे पैसे साठवून तिकीट काढलं होतं आणि तरी मी रागातच गेलो होतो, लग्नात रुसलेल्या मामासारखा. डोंबिवली-दादर-अंधेरी, लोकलमध्ये शर्ट अंगाला चिकटलेला, आणि तोंडात एकच वाक्य, "हा काय वाजवणार ‘हायवे स्टार’!"

आता मागे वळून पाहिलं की स्वतःचीच कीव येते. इयन गिलन, जॉन लॉर्ड, रॉजर ग्लोव्हर, इयन पेस. ‘मशीन हेड’ केलेल्या पाचांपैकी चौघे माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ म्हटलं, पुढे काही वर्षांनी ते त्याने म्हणणंच सोडलं. आणि मी दोन तास त्या पाचव्याची बोटं मोजत होतो. इथे चुकला, इथे ब्लॅकमोर असा नाही वळत, इथे फार सूर झाले. मोर्सचा हात फार साफ होता, तेही मला खुपलं. ब्लॅकमोर कसा, मधेच सूर सोडून द्यायचा, चिडल्यासारखा. ह्याचं सगळं इस्त्री केलेलं. हे माझं मत अजूनही थोडंफार आहे, लपवत नाही.

मग मधे एक संथ गाणं लागलं. ओळखीचं नव्हतं. मोर्सने अगदी हळू सुरुवात केली, मागे लॉर्डच्या ऑर्गनचा नुसता श्वास. मी मित्राला म्हटलं, "हे ह्याचंच नवीन दिसतंय, चल पाणी पिऊन येऊ." आणि गेलो. रांग मोठी होती. परत आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या.

काही वर्षांनी काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये, हेडफोन लावून ऐकायची सोय होती तिथे, ‘मशीन हेड’ची पंचविसाव्या वर्षाची सीडी हाती आली. १९९७ ची आवृत्ती. सात गाण्यांनंतर जादा म्हणून एक आठवं गाणं होतं, ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’. लावलं. दहाव्या सेकंदाला ओळखलं. अंधेरीत ज्याच्याकडे पाठ करून मी पाण्याच्या रांगेत उभा होतो, तेच.

ते मोर्सचं नव्हतंच. १९७१ च्या डिसेंबरात, ‘मशीन हेड’ ज्या हॉटेलात झाला तिथेच, त्याच पाच जणांनी केलेलं होतं. ब्लॅकमोरला आवडलं नाही म्हणून अल्बममध्ये घेतलं नाही. १९७२ मध्ये एका छोट्या तबकडीच्या पाठीवर ते निघालं, आणि तो असेपर्यंत मंचावर आलंच नाही. एकदा आलं, १९७२ च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या क्विबेकला, तेही ब्लॅकमोर आजारी पडला आणि त्या एका रात्रीपुरता रँडी कॅलिफोर्निया नावाचा गिटारवाला उभा राहिला म्हणून. त्यानंतर वीसेक वर्षं कुलूप. तो गेला आणि ते गाणं बाहेर आलं, पुढे कितीतरी कार्यक्रमांत वाजत राहिलं.

रिदम हाऊसमधल्या त्या हेडफोनखाली मला पहिल्यांदा शंका आली, की आपण ज्याला ‘ओरिजनल’ म्हणतो त्याच्यातही कुणीतरी दुसऱ्याची वस्तू कपाटात बंद करून ठेवलेली असू शकते. ‘पिक्चर्स ऑफ होम’चंही थोडं तसंच. ब्लॅकमोरच्या काळात मंचावर फारसं वाजत नसे, मोर्स आल्यावर नेहमीचं झालं. अंधेरीतही वाजलं. आणि त्या गाण्यात आहे काय? सुरुवात पेसच्या ड्रम्सची, मधे लॉर्डचा सोलो, मग चक्क ग्लोव्हरच्या बेसचा एकट्याचा तुकडा. सगळ्यांना पान वाढलेलं गाणं.

आता हा अल्बम झाला कसा, ते थोडं सांगतो. ज्यांना पाठ आहे त्यांनी पुढे सरकावं.

पर्पलने रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंगची गाडी भाड्याने घेतली आणि स्वित्झर्लंडात माँत्रोला, जिनिव्हा सरोवराकाठच्या कॅसिनोत अल्बम करायचं ठरवलं. ४ डिसेंबर १९७१ ला तिथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम होता, तो झाला की जागा ह्यांची. त्या कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या एकाने छताकडे फ्लेअर गन झाडली. कॅसिनो जळून गेला. समोरच्या बाजूने ह्यांनी तो धूर पाण्यावर पसरताना पाहिला; काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून उठला तो गाण्याचं नाव तोंडात घेऊनच. मग दुसरी जागा शोधली, एक नाट्यगृह. तिथे रात्री ती रिफ वाजवायला घेतली आणि शेजाऱ्यांची झोप उडाली. पोलीस दारावर येईपर्यंत कशीबशी एक टेक पुरी झाली. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल. कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून आवाज अडवला. गाडी बाहेर, आणि तिथपर्यंत जायचं म्हणजे खोल्यांतून, बाल्कन्यांतून कसरत करत. तेव्हा वाजवलेलं परत ऐकायला जायचंच त्यांनी सोडून दिलं. वाजवायचं, एकमेकांकडे बघायचं, जमलं वाटलं की पुढे. बाहेर गाडीत रेकॉर्डिंग करणारा मार्टिन बर्च बसलेला. दोन-अडीच आठवड्यांत काम आटोपलं, आणि १९७२ च्या मार्चमध्ये तबकडी बाजारात.

हे वाचलं की मला अण्णांच्या मंडळाची आठवण येते. त्यांनाही शाळेचा हॉल मिळायचा नाही, मग गणपतीच्या मंडपात, मग कुणाच्या तरी गच्चीवर.

२००२ मध्ये जॉन लॉर्ड बाहेर पडला, त्याच्या जागी डॉन एअरी आला. आमच्या चौघांत ह्यावरून वाद झाल्याचं मला आठवत नाही. २०१२ च्या जुलैमध्ये लॉर्ड गेला तेव्हा दोन दिवस हळहळलो. आणि २०२२ मध्ये मोर्सने बायकोच्या आजारपणासाठी बँड सोडला. अठ्ठावीस वर्षं वाजवून! त्याच्या जागी बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड आला, १९७९ चा जन्म, म्हणजे ‘मशीन हेड’हून सात वर्षांनी लहान. लगेच आमचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा झाला. गंमत अशी, की जे १९९५ ला मोर्सच्या नावाने बोटं मोडत होते तेच आता म्हणत होते, "मोर्स गेला, आता पर्पलमध्ये राम नाही." त्यात मीही होतो. एकाने मॅकब्राइडचा ‘हायवे स्टार’चा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "बरा आहे, पण ब्लॅकमोर नाही." मला हसू आलं. ते वाक्य मी अंधेरीच्या स्टेशनवर म्हटलं होतं.

‘हायवे स्टार’मधल्या त्या गिटारच्या सोलोचं एक आहे. ब्लॅकमोर सहसा ऐनवेळी सुचेल ते वाजवणारा. हा मात्र त्याने आधी बसून एकेक सूर बांधला होता, जर्मन संगीतकार बाखच्या वळणाचा. म्हणजे ती बंदिशच झाली. मधला तो भराभर उतरत जाणारा तुकडा कुणीही आला तरी वाजवावाच लागतो, नाहीतर लोक घरी जाऊ देणार नाहीत. मॅकब्राइड तो वाजवतो. जोर ब्लॅकमोरसारखा, बोटं आजच्या काळाची. मला आवडला. ग्रुपवर लिहिलं नाही.

२०२४ मध्ये ‘मशीन हेड’ची नवी मोठी आवृत्ती निघाली, आवाजाची मांडणी नव्याने केलेली, आणि ती केलीय ड्वीझिल झापाने. ज्याच्या कार्यक्रमात कॅसिनो जळला त्या फ्रँक झापाचा मुलगा! हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. त्याच सुमाराला मी अंधेरीच्या त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही मिळवलं. ‘बॉम्बे कॉलिंग’ ह्या नावाने ते अधिकृतपणे निघालेलं आहे. नावातही गोम आहे. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ नावाच्या अमेरिकन बँडची ‘बॉम्बे कॉलिंग’ ह्याच नावाची एक रचना होती, ‘चाइल्ड इन टाइम’ची ऑर्गनवरची धून तिच्यावरूनच उचललेली. म्हणजे ती धून ज्या गावाच्या नावाने जन्मली त्याच गावात ती वाजली, आणि मी तिथे गिटारकडे बघत बसलो होतो.

तर एका रविवारी दुपारी दोन्ही लागोपाठ ऐकले. आधी ड्वीझिलने मांडलेला, मग अंधेरी.

‘मेबी आय’म अ लिओ’ मी तीस वर्षं पुढे ढकलत आलो होतो. त्यात ग्लोव्हरचा बेस असा काही रेंगाळत चालतो, की बाकीचे त्याच्यासाठी थांबलेत असं वाटावं. ‘स्पेस ट्रकिन’ मला पूर्वीही पोरकट वाटायचं, अजून वाटतं; पेसच्या ड्रम्ससाठी ऐकतो. ‘नेव्हर बिफोर’ तर सगळ्यात कच्चं, आणि कंपनीच्या भरवशाचं तेच, म्हणून आधी छोटी तबकडी काढली तीही त्याचीच.

आणि ‘लेझी’. सव्वासात मिनिटांच्या त्या गाण्यात सुरुवातीला बराच वेळ फक्त लॉर्ड आहे. त्याने हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून काढला होता, म्हणून तो असा खरखरतो, गुरगुरतो, पोट धरून हसल्यासारखा फुटतो. नव्या मांडणीत मला तो अगदी समोर येऊन बसल्यासारखा वाटला. हेडफोन काढून मी पुन्हा ‘स्मोक’ लावलं. पहिल्या खेपेला गिटार एकटी. दुसऱ्या खेपेला ड्रम्सची झांज, हाय-हॅट, आणि गिटारच्या पाठीला पाठ लावून पेटी. चौतीस वर्षं लागली. आता ती गिटारपासून वेगळी न ऐकणं मला जमत नाही.

अंधेरीचं रेकॉर्डिंग ऐकताना पाण्याच्या रांगेतली ती चार-पाच मिनिटं भरून निघाली. लॉर्ड त्या गाण्यात जवळजवळ काहीच करत नाही, सूर धरून ठेवतो. त्याच्या जिवावर मोर्स मोकळा.

आतल्या खोलीतून अण्णा आले. आता चौऱ्याऐंशी चालू आहे, डाव्या कानाला यंत्र, पायपेटी पाच वर्षांपूर्वी मंडळाला देऊन टाकली. यंत्र काढून मी त्यांच्या कानावर हेडफोन लावले आणि ‘लेझी’ सुरुवातीपासून लावलं. मांडीवर उजव्या हाताची बोटं हलायला लागली. संपल्यावर म्हणाले, "हा तोच ना, माझी कॅसेट पुसलीस तो?"

"तोच."

"आता कोण असतं त्यांच्यात?"

मी सांगायला लागलो. रिची ब्लॅकमोर सोडून गेला, मग स्टीव्ह मोर्स आला, अठ्ठावीस वर्षं होता, आता हा नवीन पोरगा आलाय, बेलफास्टचा, लोक फार भांडतायत त्याच्यावरून, आमच्या ग्रुपवर तर विचारू नका. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"पेटीवाला?"

"जॉन लॉर्ड. तो वारला, २०१२ मध्ये. त्याच्या आधीच दुसरा आला होता."

"मग त्याच्यावरून भांडले का कोणी?"

"नाही, तसं कोणी नाही."

"हं," म्हणाले, आणि हेडफोन स्वतःच नीट करून घेतले. "लाव परत. सुरुवातीपासून."